उंचझेल आणि साबणाची जाहिरात

फार पूर्वीची म्हणावी, तर गोष्टीत टीव्ही आहे. कालपरवाची म्हणावी, तर असलं बेट कुठल्या नकाशात सापडायचं नाही. तेव्हा कधीची आणि कुठली ते विचारू नका, नुसती ऐका.

समुद्रापार एक लाल मातीचं बेट होतं. बेटावर अठरा गावं, आणि माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. या अठराही गावांना एकाच खेळाचं वेड होतं. खेळाचं नाव उंचझेल. अंड्याच्या आकाराचा कातडी चेंडू, तसंच लांबट गोल मैदान आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला की गोल, त्याचे सहा गुण. थोडक्यात हुकून मधल्या आणि कडेच्या खांबामधून गेला, तरी एक गुण. “पोराने जीव तोडून मारलाय, त्याला अगदीच रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?” असं जुनी माणसं म्हणायची, म्हणून तो एक गुण. आणि उंच उडालेला चेंडू कुणी हवेतच झेलला, की बाकीच्यांनी मागे सरायचं आणि त्याला निवांत नेम धरू द्यायचा. तो झेल घ्यायला पोरं एकमेकांच्या खांद्यावर गुडघा टेकवून वर चढायची. बघणाऱ्याच्या तोंडातला घास तोंडातच राहायचा.

या खेळाची पंच होती हौसाक्का. तीस वर्षं शिट्टी तिच्याच गळ्यात. सामना सुरू करताना आणि प्रत्येक गोलानंतर ती मैदानाच्या मधोमध चेंडू दोन्ही हातांनी जमिनीवर असा आपटायची, की तो ताडमाड वर उसळायचा. कुणाच्या हाती लागेल ते तिलाही ठाऊक नसायचं. आवाज खणखणीत, तोंड फटकळ. पण एक गोष्ट ती मनापासून मानायची. पंचाने नियम पाळायचे, नियम करणं खेळाच्या मंडळाचं काम.

मग बेटावर टीव्ही आला. लांब लांब मेंढवाड्यांवर राहणाऱ्या माणसांनाही घरबसल्या सामना दिसायला लागला. शनिवारी किती घरांत सामना लागला, तो आकडा मंडळाच्या कचेरीतल्या फळ्यावर लिहायची पद्धत पडली. मंडळाचे अध्यक्ष सकाळी देवाला हात जोडायच्या आधी तो आकडा बघायचे. काही वर्षं आकडा चढत गेला. मग एका वर्षी उतरायला लागला, आणि अध्यक्षांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

का उतरला आकडा? अहो, शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं! गोल झाला की कॅमेऱ्यावर लाल दिवा लागायचा. लाल दिवा म्हणजे टीव्हीवर जाहिरात. दिवा विझेपर्यंत हौसाक्काने चेंडू काखेत मारून उभं राहायचं, छत्तीस खेळाडूंनी कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, आणि घरोघरी माणसांनी साबण बघायचा. तीच बाई, तोच साबण, तोच फेस. गोल झाला, साबण. कुणी पडला, साबण. कुणी पडल्यावर उठला, तरी साबण. दोन तासांचा सामना साडेतीन तासांचा झाला. माणसं वैतागून टीव्ही बंद करायची आणि मेंढ्यांकडे जायची.

अध्यक्षांनी शहरातून एक सल्लागार आणला. पांढरेशुभ्र बूट, गुळगुळीत बोलणं, आणि उभ्या जन्मात उंचझेलाचा एक सामना पाहिलेला नाही. तो बेटभर फिरला आणि जी माणसं सामना बघतच नव्हती, त्यांना शोधून शोधून विचारत सुटला, “काय केलं तर बघाल?” आता दारात आलेल्या पाहुण्याला काहीतरी सांगायला हवं, म्हणून कुणी म्हणालं, लवकर संपवा. कुणी म्हणालं, नियम कळत नाहीत. कुणी म्हणालं, शेवटी शेवटी जरा मजा येऊ द्या. जी माणसं इतकी वर्षं नेमाने बघत होती, त्यांच्या दारात हा बाबा फिरकलासुद्धा नाही.

“ते तर बघतातच,” तो म्हणाला. “त्यांना काय विचारायचं?”

मंडळाची बैठक भरली. हौसाक्का उभी राहिली.

“अध्यक्षसाहेब, खेळ लांबलेला नाही. साबण लांबलाय. साबण आवरा, माणसं परत येतील.”

“हौसाक्का, जाहिरात आहे म्हणून टीव्ही आहे,” अध्यक्ष म्हणाले. “त्याला हात लावायचा नाही. बाकी काही असेल तर बोला.”

“बाकी काय उरलं बोलायला?”

“मग नियम बदलू,” सल्लागार म्हणाला, आणि त्याने वही उघडली.

पहिला नियम आला. चेंडू आपटायचा नाही. आपटायला वेळ लागतो, वाकडा उसळला तर पुन्हा आपटावा लागतो. पंचाने तो नुसता वर फेकावा. हौसाक्का बैठकीत कडाडून भांडली. घरी येऊन तिने भांडी आदळली, भाकरी करपवली, ती तशीच खाल्ली. आणि शनिवारी चेंडू नुसता वर फेकला. नियम तो नियम! फेकल्याने प्रत्येक वेळी बारा सेकंद वाचले. त्या बारा सेकंदांत काय बसवलं असेल? अर्थात साबण.

पुढच्या वर्षी दुसरा नियम आला. हुकलेल्याला एक गुण बंद. नव्या प्रेक्षकांना तो कळत नाही म्हणे. न कळायला काय आहे त्यात? पोर चुकलं तरी त्याच्या पाठीवरून हात फिरवतो की नाही आपण? पण नाही, बंद म्हणजे बंद. त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा नियम आला. झेल घेतल्यावर थांबायचं नाही, बाकीच्यांनी लगेच अंगावर जायचं. मग खांद्यावर चढून हाडं मोडून घेण्यात काय अर्थ राहिला? पोरं चढेनाशी झाली. ज्या खेळाचं नावच उंचझेल, त्यात उंच झेल दिसेना.

प्रत्येक नवा नियम आला, की पहिल्या शनिवारी आकडा वर जायचा. काय चाललंय ते बघू तरी, म्हणून माणसं टीव्ही लावायची. दुसऱ्या शनिवारी तो आधीपेक्षा खाली यायचा. अध्यक्ष म्हणायचे, “बघा, बदल कमी पडतोय.” आणि हौसाक्का? ती सोमवारी भांडायची आणि शनिवारी शिट्टी वाजवायची. सल्लागाराला तिने तोंडावर “बिनडोक” म्हटलं, “कोरडी विहीर” म्हटलं, पण त्याचा एकेक नियम मैदानावर लावला तो तिनेच.

त्या वर्षी अंतिम सामन्यात खडकाळी गाव पोचलं. चाळीस उंबऱ्यांचं गाव. आजवर एकदाही अंतिम सामना खेळलेलं नव्हतं. पोरं मेंढ्या हाकून आल्यावर संध्याकाळी सराव करायची. त्यांचा म्होरक्या म्हाळू. समोर होतं महापूर, बेटावरचं सगळ्यात मोठं गाव. घरात करंडक ठेवायला जागा नाही अशी त्यांची गत. त्यांचा म्होरक्या दिगंबर.

सामन्याच्या सकाळी सल्लागाराने हौसाक्काच्या हातात एक कागद ठेवला. चौथा नियम. एकतर्फी सामना लोक शेवटपर्यंत बघत नाहीत, म्हणून चार डावांपैकी तीन झाले की दोन्ही बाजूंचे गुण पुसायचे. चौथा डाव जो जिंकेल, त्याचा करंडक.

“आणि पहिले तीन डाव?” हौसाक्काने विचारलं.

“ते सराव समजायचे.”

“पोरांना माहीत आहे हे?”

“छे, छे! सांगायचं नाही. धक्का बसला पाहिजे. धक्क्याला लोक बघतात.”

हौसाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने काय केलं? कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि मैदानात उतरली. खडकाळी कदाचित मागेच पडेल, मग पुसलं काय आणि न पुसलं काय, असं स्वतःला समजावत उतरली.

खडकाळी मागे पडली नाही. ती पोरं अशी खेळली, की महापूरची माणसंसुद्धा टाळ्या वाजवायला लागली. म्हाळूचा एक डोळा सुजून बंद झाला, तरी तो धावत होता. एकाचं बोट निखळलं, त्याने ते चिंधीने शेजारच्या बोटाला बांधलं आणि परत आला. तीन डाव संपले तेव्हा फळ्यावर गुण होते, खडकाळी अठ्ठ्याहत्तर, महापूर बेचाळीस.

लाल दिवा लागला. घरोघरी साबण सुरू झाला. सल्लागार शिडी चढून फळ्यापाशी गेला आणि ओल्या फडक्याने दोन्ही आकडे पुसून टाकले.

म्हाळू हौसाक्काकडे आला. “आक्का, फळा का पुसला?”

तिने खिशातला कागद काढून त्याच्या हातात दिला. एका डोळ्याने त्याने तो सावकाश वाचला. मग तिच्याकडे बघून म्हणाला, “मग आक्का, आम्ही सकाळपासून काय करत होतो?”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हेच तिला सोसेना. राग आला तो मग तिला आला. अध्यक्षांचा आला, त्या पांढऱ्या बुटांचा आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. ती तरातरा चालत अध्यक्षांच्या मांडवात गेली.

“गुण परत लिहा. नाहीतर ही शिट्टी वाजणार नाही.”

“हौसाक्का, असं काय करता? पंचाने नियम पाळायचे, असं तुम्हीच म्हणत होता ना?”

“म्हणत होते! चुकलं माझं! पहिल्या नियमालाच ही शिट्टी तुमच्या टेबलावर आदळायला हवी होती. तेव्हा आदळली नाही, म्हणून तुमची मजल इथवर आली. त्या पोरांचे गुण तुमच्या घरचे आहेत का पुसायला? याला तुम्ही नियम म्हणत असाल, आम्ही चोरी म्हणतो!”

“मग तुम्ही आता पंच नाही,” अध्यक्ष म्हणाले. सल्लागाराने खिशातून स्वतःची नवी कोरी शिट्टी काढली. बघा, आधीच आणून ठेवली होती मेल्याने! तो मैदानाच्या मधोमध गेला आणि शिट्टी फुंकली.

कुणी हललं नाही. मग महापूरचा दिगंबर पुढे झाला. खरं तर त्याला घबाड मिळालं होतं. छत्तीस गुणांनी हरत होता, आता बरोबरीत आला होता. तो म्हणाला, “आम्ही मागे आहोत, हे सगळ्या मैदानाने बघितलंय. पुसलेल्या फळ्यावर करंडक जिंकून घरी गेलो, तर माझी आई मला उंबऱ्याच्या आत घेणार नाही.” आणि त्याने मैदानातच बसकण मारली. त्याच्या शेजारी म्हाळू बसला. मग एकेक करत छत्तीसच्या छत्तीस खाली बसले. सल्लागार शिट्टी फुंकून फुंकून लालेलाल झाला.

दिवा विझला. जाहिरात संपली, आणि टीव्हीवर दिसलं काय, तर गवतावर मांडी घालून बसलेली पोरं. पुन्हा जाहिरात लावली, पुन्हा तीच पोरं. शेजाऱ्याने शेजाऱ्याला हाक मारली, “अरे, पोरं बसलीत! हलायला तयार नाहीत!” वाडीवाडीला ही बातमी गेली. वर्षानुवर्षं बंद ठेवलेले टीव्ही लोकांनी धूळ पुसून लावले. कचेरीतला कारकून धापा टाकत मांडवात आला. आकडा आजवर कधी गेला नव्हता इतका वर गेला होता.

हौसाक्का तिथेच उभी होती. तिला वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात उजेड पडेल. इतक्या वर्षांनी कुणीतरी ताठ मानेने नाही म्हणतंय, ते बघायला सगळं बेट आलंय, हे यांना आता तरी कळेल.

अध्यक्षांनी आकडा वाचला. त्यांचे डोळे पाणावले. सल्लागाराचा हात धरून ते म्हणाले, “बसणं! अहो, लोकांना बसणं आवडतं! लिहून घ्या. पुढच्या वर्षीपासून प्रत्येक सामन्यात खेळाडूंनी पंधरा मिनिटं बसायचं!”

हौसाक्काने कपाळावर हात मारला. गळ्यातली शिट्टी काढून तिने अध्यक्षांच्या पुढ्यात टाकली, मैदानात गेली आणि ओरडली, “उठा रे पोरांनो! खडकाळीच्या माळावर चला. एक डाव बाकी आहे. अठ्ठ्याहत्तर, बेचाळीस!”

पोरं उठली. त्यांच्यामागे मैदानातली सगळी माणसं उठून चालायला लागली. माळावर चौथा डाव झाला. महापूर जिद्दीने चढलं, पण खडकाळी सहा गुणांनी जिंकली. करंडक मंडळाच्या कपाटात होता, तो कुणाला आठवलाही नाही.

पुढच्या वर्षी मंडळाने मैदान सजवलं, पंधरा मिनिटं बसायला पांढऱ्या पट्ट्या आखल्या. अठरा गावांतून एकही संघ आला नाही. ते सगळे माळावर खेळत होते, जुन्या नियमांनी. लाल दिवा लागला आणि रिकाम्या मैदानावरून दिवसभर साबण चालला. त्या शनिवारी फळ्यावर आकडा होता दोन. एक घर अध्यक्षांचं, एक सल्लागाराचं.

माळावर लोक हौसाक्काला हार घालायला आले. तिने हार हिसकावून बाजूला ठेवला. “कसला हार घालताय? तीन वर्षं तीन नियम मी माझ्या हाताने लावले. त्या तीन वर्षांत जी पोरं खेळ सोडून गेली, ती आता परत येणार नाहीत. त्यांना जाऊन विचारा, हार घालू का म्हणून.”

आता तात्पर्य विचाराल, तर ते हौसाक्काच्याच तोंडचं सांगतो: पाठ फिरवून बसलेल्यांच्या मर्जीसाठी जिवाभावाची गोष्ट मोडायला कुणी निघालं, तर त्याला पहिल्याच घावाला अडवा, कारण मनातून चिडून हाताने मदत करणारा माणूस मोडणाऱ्यांतच धरला जातो.