वाकड्या घडीचा विकर

एका जंगलात आडव्या पडलेल्या सागाच्या ओंडक्यात एक बुरशी राहायची. घर टापटीप, पण सगळं हवं आपल्याच मनासारखं. जिवाणूंनी ओंडका बळकावू नये म्हणून ती जहाल विष बनवायची आणि बाहेर सोडायची.

तिच्या घरात राबणाऱ्यांना विकर म्हणत. बुरशी एक लांब साखळी विणायची, तिला घड्या घालायची, की झाला विकर तयार. एक विकर लाकूड फोडायचा, दुसरा त्यातून साखर काढायचा. तिसरा मात्र वेडावाकडा होता. त्याच्या पोटात खोल खाच होती आणि तो सदा विषाच्या हौदापाशी बसलेला असायचा.

“अगं बाई, हा तुमच्याकडे असा कसा?” पलीकडची अळंबी एकदा म्हणाली. “आमचे सगळे कसे गोल गरगरीत!”

झालं! बुरशीच्या डोक्यात किडा शिरला.

“इकडे ये रे. तुझ्या घड्या नीट करते.”

“नको बाई. त्या खाचेतच माझं काम चालतं.”

“कसलं काम? दिवसभर बसून तर असतोस!”

आता निदान उत्तर तरी ऐकायचं ना! दोन वाक्यांत सांगितलं असतं त्यानं. विषाचा जो थेंब चुकून घरात सांडे, तो बरोबर त्या खाचेत बसे. थेंबाला दोन मोकळ्या नांग्या असत. विकर त्या एकमेकींत अडकवून टाकी, की थेंब घरात कुणालाच डसत नसे. पण नाही. बाईसाहेबांनी साखळी उलगडली, ताणली आणि छान गोल घडी घालून मोकळ्या झाल्या.

दुसऱ्याच दिवशी जिवाणू चालून आले. बुरशीनं हौद भरून विष केलं आणि घाईत बरंचसं घरातच सांडलं. विकर धावला, पण थेंब त्याच्या गुळगुळीत पोटावरून घसरत राहिले. बुरशीचे कोवळे धागे जळू लागले.

“अरे, पकड ना त्यांना!”

“कशात पकडू, बाई?”

अर्धं घर जळाल्यावर तिला सुचलं, “मी काय करू, ते तूच सांग!”

“तिसरी घडी उलटी घाला. शेवटचं टोक आत मुडपा. लवकर!”

तिनं झटपट तसं केलं. खाच उघडली आणि थेंब एकेक करून तिच्यात बसू लागले. उरलेले धागे वाचले. जळालेल्या बाजूचा ओंडका मात्र जिवाणूंनी घेतला, तो कायमचाच.

“मग आधी का नाही सांगितलंस?” बुरशी रडवेली होऊन म्हणाली.

ऐका! वर हे! विकराला संताप आला होता, पण भांडायला त्याला सवड कुठे होती?

“बाजूला व्हा, बाई,” तो म्हणाला, “थेंब येतोय.”

तात्पर्य: ज्याचं काम आपल्याला ठाऊक नाही, त्याचं रूप सुधारायला जाऊ नये, आणि कुणी ‘नको’ म्हणालं, तर निदान ‘का’ एवढं तरी विचारावं.