कर्कासुराचा गोरा चेहरा

एका संगीत नाटक मंडळीत एकदा एक नट होता, आणि त्याचं दुर्दैव असं की तो दिसायला फार देखणा होता. दुर्दैव अशासाठी म्हणतो, की त्याचा आवाज खर्जात भरदार लागे आणि त्यापायी मालकांनी त्याच्या वाट्याला कायम राक्षसच दिले. अच्युत हे त्याचं नाव. देवाचं नाव धारण करणारा हा सद्गृहस्थ आठवड्यातून तीन वेळा कर्कासुर होऊन राजकन्या पळवी आणि तिन्ही वेळा नायक झालेल्या मालकांच्या हातून मरे.

मंडळीचे रंगभूषाकार धोंडोपंत हे त्याचे गुरू. सत्तरी उलटलेली, बोलणं कमी, बोटं मात्र तरुण. उमेदीत त्यांनी स्वतः पुष्कळ राक्षस केले होते. राक्षसाने उभं कसं राहावं, हसावं कसं आणि मरताना तानपुऱ्यावर पडू नये म्हणून काय करावं, हे सगळं त्यांनी अच्युतला शिकवलं. रंगांचे अर्थही शिकवले, आणि ते अच्युतला पाढ्यांसारखे पाठ होते. कपाळावरचा तांबडा पट्टा म्हणजे क्रोध, डोळ्यांभोवतीचं काजळ म्हणजे तमोगुण, नाकाच्या शेंड्यावरचा पांढरा ठिपका म्हणजे लोभ. लोभ नाकावर का, असं त्याने एकदा विचारलं होतं. हावरा माणूस आधी वास घेतो, असं धोंडोपंतांनी सांगितलं आणि पुढचा ठिपका दिला.

तर एका रविवारी दुपारच्या खेळाला गावच्या शाळेचे हेडमास्तर आपल्या मुलीला, वेणूला, घेऊन यायचे होते. मध्यस्थाने सगळं जमवत आणलं होतं. पत्रिका जुळली होती, राहिलं होतं ते फक्त मुलगा पाहणं. अच्युतने वेणूला एका मुंजीत पंगत वाढताना पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. ही मुलगी हातची गेली तर आपण आयुष्यभर सडेफटिंग राहणार, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. हेडमास्तरांचा दराराही तो ऐकून होता. ते वर्गाबाहेरून गेले तरी आतली मुलं ताठ बसत, म्हणे.

खेळाआधी तो धोंडोपंतांपुढे बसला तो तोंड झाकूनच. आज रंग नको, म्हणाला. पुढे त्याने मोठं व्याख्यान दिलं. प्रेक्षक आता सुजाण झाले आहेत, राक्षसपण मुद्रेवर नव्हे तर अभिनयात असावं, प्रतीकांचा काळ सरला. धोंडोपंतांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी खरं काय ते बाहेर पडलं, की पहिल्यांदाच पाहणाऱ्या सासऱ्याला जावयाचं नाक तरी दिसावं.

सगळ्यांना वाटलं, म्हातारा आता खवळणार. तसं काही झालं नाही. धोंडोपंतांनी तांबडा रंग बाजूला सारला, गुलाबी घेतला, भुवया रेखल्या, ओठांवर लाली दिली आणि अर्ध्या तासात असा राजबिंडा पुरुष उभा केला की नायकाच्या वेशात बसलेले मालक आरशात स्वतःकडे आणि मग त्याच्याकडे पाहतच राहिले. मालकांनी पंचावन्न पार केली होती आणि शेला पोटावरून घसरत होता. धोंडोपंतांनी अच्युतच्या डोक्यावर शिंगं तेवढी बसवली आणि जा म्हणाले. गुरूने इतक्या सहज मान तुकवली याचं अच्युतला नवल वाटलं, पण आनंद मोठा होता.

पडदा उघडला. कर्कासुर प्रवेशला तशी बायकांच्या बाजूला कौतुकाची कुजबुज झाली. राजकन्या विलाप करू लागली, की हे विक्राळ मुख मला पाहवत नाही, कोणीतरी मला सोडवा. पिटातून एकजण म्हणाला, "बाई, नीट बघा तरी!" थिएटर हसलं. अच्युतने राजकन्येच्या हरणाचं पद म्हटलं आणि वेणू बसली होती त्या पहिल्या रांगेकडे पाहत अशी तान घेतली की वन्समोअर आला. आता वन्समोअर म्हणजे मंडळीला आज्ञाच. त्यामुळे पळवलेली राजकन्या परत आणून उभी करावी लागली, आडव्या आलेल्या म्हाताऱ्या राजाला पुन्हा लाथ मारावी लागली आणि तिला पुन्हा पळवावं लागलं. दुसऱ्या वेळी ती मनगट सोडवत दात-ओठ खात होती. मालक तलवार उपसून आले, तेव्हा लोकांनी त्यांनाच घरी जायला सांगितलं.

अंक संपला. अच्युत घामाघूम होऊन पण हवेत तरंगत विंगेत आला, आणि पाहतो तो हेडमास्तर समोर उभे. ते त्याच्याशी बोललेच नाहीत. धोंडोपंतांना म्हणाले, की मुलगा गोरागोमटा आहे, गातोही उत्तम, पण आम्ही निघतो. पोरीचा हात ज्या सफाईने धरला, म्हाताऱ्या राजाला ज्या हसतमुखाने लाथ मारली, ते पाहिल्यावर त्याच्या घरी मुलगी देण्याचं धाडस आपल्याच्याने होणार नाही. हे तर नाटकात लिहिलेलं आहे, असं अच्युत पुटपुटला, पण ते त्याचं त्यालाच खरं वाटेना.

धोंडोपंतांनी हात जोडून विनंती केली, की आणखी दोन अंक पाहा आणि मग खुशाल जा. हेडमास्तर कबूल झाले नसते, पण वेणू बाहेर खुर्ची सोडायला तयार नव्हती. राक्षसाचं पुढे काय होतं ते तिला पाहायचं होतं.

ते गेल्यावर अच्युत मटकन खाली बसला. धोंडोपंतांनी तांबड्या रंगाची वाटी ओढली.

"तुला वाटलं, रंग राक्षस ओळखू यावा म्हणून असतो. तेवढ्याला शिंगं पुरतात. अरे, दुष्टपणा केला की तो कोणाच्या तरी तोंडावर बसतो. आपण तो रंगाच्या तोंडावर बसवतो आणि खेळ संपला की खोबरेल तेलाने पुसून टाकतो. आज तू राक्षसाचा रंग लावू दिला नाहीस. मग ती पोर कर्कासुराने पळवली नाही, अच्युतने पळवली. हेडमास्तरांनी जे पाहिलं ते बरोबर पाहिलं."

"मग आधी का नाही सांगितलंत, पंत?"

"सांगितलं असतं तर तू मान डोलावली असतीस. अर्थ तुला पाठ होतेच की."

तांबडा पट्टा, काजळ, नाकावर ठिपका. पुढल्या प्रवेशात कर्कासुर आला तेव्हा बायका मागे सरकल्या. मालक जुने खेळाडू. त्यांनी तिथल्या तिथे वाक्य जोडलं, "मायावी दुष्टा, अखेर आपल्या खऱ्या रूपावर आलास!" आणि टाळ्यांनी छप्पर दणाणलं. अच्युतला मात्र वेगळीच मोकळीक वाटत होती. आपलं तोंड आत सुखरूप आहे म्हटल्यावर त्याने हवी तेवढी क्रूरता केली, आणि मेला तोही इतका वाईट मेला की पिटातला तोच माणूस चुकचुकला.

खेळानंतर बापलेक आत आले. अच्युत नमस्काराला वाकला तसे हेडमास्तर नकळत एक पाऊल मागे हटले. धोंडोपंतांनी तेलाची वाटी आणि फडका त्यांच्याच हातात दिला.

"तुम्हीच पुसा, मास्तर."

हेडमास्तरांनी आयुष्यात कोणाचं तोंड पुसलं नव्हतं. ते अवघडून, फळा पुसावा तसे पुसू लागले. क्रोध गेला, तमोगुण गेला, लोभ नाकावरून गालावर पसरून मग गेला. खाली एक घाबरलेला, घामेजलेला तरुण निघाला.

"बाबा, हे तर तुम्हाला भितात," वेणू म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "माझ्यासारखेच."

धोंडोपंत वाट्या आवरता आवरता सौम्यपणे म्हणाले, "मास्तर, शाळेत तुम्हालाही रंग लावावाच लागतो. त्याशिवाय मुलं ऐकायची नाहीत. घरी जाताना तो उतरवत जा, एवढंच."

पुसण्याच्या गडबडीत हेडमास्तरांच्या स्वतःच्या गालाला काजळ लागलं होतं. वेणूने त्यांच्या हातून फडका घेतला आणि भीतभीत तो त्यांच्या गालावरून फिरवला. मोठी झाल्यापासून तिने वडिलांच्या चेहऱ्याला हात लावला नव्हता. हेडमास्तर डोळे मिटून मुकाट्याने उभे राहिले. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते.

"गुरुवारी चहाला या, अच्युतराव," ते म्हणाले. "आणि हा फडका आम्ही घरी नेला तर चालेल का, पंत?"

सज्जनहो, कठोरपणा आपल्यापैकी प्रत्येकाला कुठे ना कुठे करावा लागतो. तो करून घरी परतताना उंबऱ्याशी क्षणभर थांबून तोंड पुसून घ्यावं.