मांडवातलं भित्रं बटण

वाडीत विजेचे खांब यायच्या आधी लग्नाचा मांडव एक म्हातारा जनरेटर उजळायचा. त्याच्या पोटाशी एक छोटं बटण होतं. जराशी वीज वाट चुकली, की ते खटकन खाली पडायचं आणि मांडवात अंधार व्हायचा. जनरेटर त्याला लाडानं ‘भित्रं’ म्हणायचा.

एका गोरज मुहूर्ताला धूळ बसावी म्हणून मांडवात पाणी शिंपडलं होतं. मंगलाष्टकं रंगात आली आणि बटण पडलं.

“अरे, आज तरी माझी लाज राखायचीस,” जनरेटर कुरकुरला.

“मामा, गेली तेवढी वीज परत आली नाही. कुणाच्या तरी अंगातून जमिनीत उतरत होती.”

तेवढ्यात नवरीची सगुणाआत्या बोलली. ती ओल्या मातीत अनवाणी उभी होती. “या लोखंडी खांबाला टेकले, तर हात झिणझिणला गं.”

खांबाला घासून वायर सोलवटली होती. मांडववाल्यानं जनरेटर बंद करून ती बदलली. उजेड आला, आणि आत्यानं मुठीतल्या अक्षता नवरीवर टाकल्या.

त्यानंतर कधी अंधार झाला, तर जनरेटर कुरकुरायचा नाही. हळूच विचारायचा, “बाळा, कोण वाचलं?”