वैशाखातली सभा

त्या रानात धनेश पक्ष्यांची सभा दरवर्षी वैशाखात भरे. पुढच्या हंगामात घरटी कोणत्या डोंगरावर करायची, हे तिथे ठरे. उघड्या कातळावर दोन खळगे होते, एक उगवतीच्या डोंगराचा, एक मावळतीचा. प्रत्येकाने चोचीतली एक बी हव्या त्या खळग्यात टाकायची. वैशाखात सगळ्या माद्या पिल्लांसह झाडांच्या ढोल्यांत असत; ढोलीचे तोंड चिखलाने लिंपलेले, चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी उरलेली. त्यामुळे मादीने कधी बी टाकली नव्हती. मनाई कोणीच केली नव्हती. महिनाच तसा होता.

एका वर्षी उगवतीचा खळगा भरला. तिथे फळे जवळ होती, नरांचे हेलपाटे वाचणार होते. झाडे मात्र आतून कुजलेली होती, आणि ते आत बसणारीलाच कळले असते. पुढच्या हंगामात वळवाच्या वाऱ्यात तिथली सात झाडे पडली. त्यांतल्या एकात येसूची थोरली बहीण होती. लिंपण फोडायला कोणाला वेळ मिळाला नाही.

येसूने आपला नर भानबा याला सांगितले की सभा कार्तिकात भरवा, तेव्हा आम्ही बाहेर असतो. भानबा भला होता. त्याने ते म्होरक्या रायाजीपर्यंत नेले. रायाजीने शांतपणे विचारले, जिला तीन महिने आभाळ दिसत नाही तिला डोंगराचे काय कळणार? आणि आपण बी टाकतो ती तिच्याही वतीनेच ना? सभेला ते पटले. पुष्कळ माद्यांनाही पटले. आम्हाला आत काय कमी आहे, असे त्या येसूला म्हणाल्या.

पुढच्या माघात येसू आणि आणखी अकरा जणी ढोलीत शिरल्याच नाहीत. त्या कातळावर, खळग्यांच्या कडेला बसून राहिल्या. नरांनी चोची मारून त्यांना हाकलले, ढोल्यांत ढकलले, आणि एरवी माद्या आतून लिंपत ते तोंड त्या वर्षी बाहेरून लिंपले. तेव्हा येसूने अन्न सोडले. भानबा उंबर घेऊन फटीशी आला.

"उंबर तू खा," ती म्हणाली. "पण माझी बी तू टाकू नकोस."

भानबा ते फळ चोचीत धरून तसाच बसून राहिला. सहाव्या दिवशी रायाजीने दोन दांडगे नर पाठवले. एकाने फटीतून तिची चोच ओढून धरली, दुसऱ्याने घशात गर कोंबला. रोज तसेच चालले. अकराव्या दिवशी गर श्वासनळीत गेला. त्या वैशाखात भानबा सभेला गेला नाही. त्याच्याकडून एवढेच झाले.

बऱ्याच वर्षांनी ससाण्यांशी लढाई झाली. नर फार मेले, आणि कित्येक माद्यांनी लिंपण फोडून, बाहेर पडून पिल्ले जगवली. तेव्हा नव्या म्होरक्याने माद्यांनाही बी टाकू द्यायचे ठरवले. आधी ज्यांच्या नराचे स्वतःचे झाड होते त्यांना, मग बारा वर्षांनी सगळ्यांना. येसूचा उल्लेख कोणी केला नाही. महिना वैशाखच राहिला. बिया मोजणारा गणक प्रत्येक ढोलीशी जाऊन बी घेईल, असे ठरले. नियम साधा होता: बी देणारीने आपले नाव सांगायचे.

लिंपलेल्या मादीला नावाने हाक मारायची त्या रानात रीत नव्हती. गणकाने पहिल्या झाडाशी नाव विचारले. आतून उत्तर आले, "धोंडजीची ढोली."

"ढोलीला बी नसते," गणक म्हणाला आणि पुढे गेला. दुसऱ्या झाडातून आले, "खेमाजीची ढोली." तिसऱ्यातूनही तसेच काही आले.

रानाच्या टोकाच्या झाडातली मादी गप्प राहिली. आई लहानपणी आपल्याला काय म्हणून हाक मारी, ते ती आठवत होती. गणक थोडा थांबला, मग उडाला. पुष्कळ वेळाने फटीतून चोच बाहेर आली. बी पडू नये म्हणून ती अर्धीच उघडली.

"चंद्री," ती म्हणाली.

समोरच्या फांदीवर कोणी नव्हते.