बेलसरे साहेबांनी फाडलेली पावती

कोल्हापुरात इंदुमती काकींकडे नवऱ्यामागं एकच ठेवा उरला होता, पंचावन्न वर्षांची लाल स्पोर्ट्स कार. तिची नोंदणी संपलेली. विंटेजची नंबरप्लेट मिळाली नाही, तर गाडी भंगारात जाणार होती.

आरटीओतले बेलसरे साहेब खुर्चीतून हलेनात. हलले असते तर खुर्चीलाही जरा बरं वाटलं असतं.

"काकी, प्लेट चालत्या गाडीला मिळते. ही काय चालणार?"

"बाहेर येऊन बघा की."

"बघायची गरज नाही. नामंजूर."

काकी बाहेर आल्या. नोंदणी नाही म्हणून टोचन लावून आणलेली गाडी तिथंच उभी होती. नवरा गेल्यापासून स्टिअरिंगमागं त्याच्या जागेवर त्या कधी बसल्या नव्हत्या. आज बसल्या, पदर खोचला आणि साहेबांच्या खिडकीसमोर आवारात धुरळा उडवत तीन फेऱ्या मारल्या.

साहेब धावत आले. तिथंच दंडाची पावती फाडली, 'नोंदणी नसलेली गाडी भरधाव चालवली.' खाली सही, शिक्का.

काकींनी दंड भरला, पावती अर्जाला टाचली आणि अर्ज पुन्हा पुढं ठेवला.

"हे काय?"

"गाडी चालते, याचा दाखला. सही तुमचीच आहे. खोटी असेल तर तसं लिहून द्या आणि माझा दंड परत करा."

साहेब बराच वेळ आपलीच सही वाचत बसले. मग त्यांनी खालमानेनं दुसरी सही केली, मंजुरीची.