धुतलेलं इंजिन

"मग पाणी जातं कुठं, तेवढं सांगा!"

धनाजीने पाना बाकड्यावर आपटला.

येसूआक्काने पान्याकडे बघितलं. धनाजीकडे नाही.

"त्यानं काय केलंय तुझं?"

"आक्का, विषय बदलू नका. डब्यातलं कूलंट आठवड्यात निम्म्यावर येतं. गाडीखाली एक थेंब नाही. पंप लावून दाब दिला, काटा जागचा हलला नाही. बाहेर गळत नाही म्हणजे आत गळतंय. हेडचं गॅस्केट गेलं. इंजिन उघडायचं. ह्यात चुकलं कुठं?"

"सायलेन्सरातून पांढरा धूर येतो?"

"…नाही."

"ऑइल दुधाळ झालंय?"

"नाही. पण सुरुवात असेल."

"सुरुवात असेल," आक्का म्हणाली. "पोट दुखत नाही, तरी फाडून बघू. सुरुवात असेल."

बाकड्याच्या टोकाला गाडीचे मालक रेडेकर सर बसले होते. त्यांचा हात आपसूक स्वतःच्या पोटावर गेला.

घाटाच्या माथ्यावरचं हे गॅरेज. येसूआक्का नवऱ्याच्या ट्रकखाली निजून मेस्त्रीकाम शिकली, असं लोक अजून सांगतात. साफ खोटं. त्या माणसाला स्टेपनीसुद्धा बदलता येत नव्हती. बाई आपली आपण शिकली, आणि शिकली ती अशी की घाटातून तापून आलेल्या गाड्या तिच्या दारात आल्या की अर्ध्या तिच्या धाकानेच बऱ्या होत.

धनाजी तिचा शिष्य. मिसरूड फुटायच्या आधी आला, आता त्याच्या कानशिलावर पांढरे केस होते. हात सोन्यासारखा. आणि हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"सरांना मी शब्द दिलाय," तो म्हणाला. "आज इंजिन उघडतो म्हणून. वहिनींना डोळ्याच्या ऑपरेशनला बेळगावला न्यायचंय त्यांना. गाडी घाटात बसली तर? तुम्ही असं चारचौघांत अडवलंत तर ह्या गॅरेजात मी कोण?"

"चारचौघं कुठायत? एकटे सर आहेत."

"हसू नका, आक्का!"

त्याने खिशातून गॅरेजच्या किल्ल्या काढल्या. बाकड्यावर ठेवल्या. आपटल्या नाहीत, हळूच ठेवल्या.

"उघडू देणार नसाल तर ह्या घ्या. मी चाललो."

आता मात्र आक्काने त्याच्याकडे बघितलं.

ते इंजिन कारखान्यातून आलं तसं होतं. त्याला अजून कुणाचा पाना लागला नव्हता. एकदा उघडलेलं इंजिन पुन्हा तसंच बसेल, असं कुठलाही खरा मेस्त्री छातीठोक सांगत नाही. आणि असा शिष्य पुन्हा मिळेल, असं आक्काही सांगू शकत नव्हती.

"धुतलंस?" तिने विचारलं.

"काय?"

"इंजिन."

"धुतलं की! सर तीनदा आले, तीनदा धुतलं. धुतल्याशिवाय कधी हात लावलाय मी?"

खरं होतं. बॉनेटखाली सगळं असं लख्ख होतं की त्यावर पोळी लाटावी. 'आधी धू, मग हात लाव.' घाणीत पाना घालतो तो मेस्त्री नव्हे. आक्काचा पहिल्या दिवसाचा धडा. तो धडा इतका चोख पाळणारा दुसरा शिष्य तिला मिळाला नव्हता.

बाकड्यावरच्या किल्ल्यांना आक्काने हात लावला नाही. गाडीची किल्ली उचलली.

"बस."

"कुठं?"

"मी चालवते म्हटल्यावर कुठं काय विचारतोस? जिवंत परत आणते का ते बघ."

सर गॅरेजातच थांबले. ते शहाणे होते.

आक्काने गाडी घाटाखाली उतरवली, तिथे वळवली आणि चढ असा घेतला की टर्बोची शिट्टी दरीत घुमत राहिली. धनाजीने वरच्या हँडलला धरलं होतं. तोंडाने मात्र तो रुसलेलाच होता.

गॅरेजात येताच तिने इंजिन बंद केलं. बॉनेट उचललं.

धनाजी टॉर्च घेऊन धावला.

"टॉर्च ठेव."

"चालू तर करा! मी रेस देतो. बंद गाडीत काय दिसणार?"

"गप बस."

"आक्का, बंद गाडीत…"

"घाट चढताना माझा गुडघा दुखतो?"

"…नाही."

"मग कधी दुखतो?"

धनाजीला चांगलं ठाऊक होतं. आक्का तरातरा चढून येई, खुर्चीत टेके, आणि मग तिच्या शिव्या सुरू होत.

तो बसला.

आक्काने खुर्चीत बसून मान मागे टाकली. डोळे मिटले.

रेडिएटरचा पंखा घरघरला, मंदावला, थांबला. लोखंड कुठेतरी टिकटिकलं. इंजिन चालू असतं तोवर पाणी फिरत राहतं आणि उडालेली वाफ वाऱ्यावर जाते. बंद केल्यावर सगळं थांबतं. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो तेवढा भट्टीसारखा तापलेला राहतो, आणि त्याच्यातलं पाणी जागच्या जागी उकळायला लागतं.

…

चुर्र.

धनाजीची मान वर झाली.

"ऐकलंत?"

"मी निजलेय."

…

चुर्र.

मग वास आला. गोडसर, काकवी करपल्यासारखा.

धनाजी उठला. बॉनेटमध्ये वाकला. टर्बोकडून परत येणारी बोटाएवढी नळी, तिच्या टोकाला क्लिप. क्लिपच्या कडेला एक थेंब फुगत होता. फुगला, लोंबला, खालच्या तापल्या लोखंडावर पडला.

नाहीसा झाला.

जमिनीपर्यंत पोचणार कसा?

त्याने हात पुढे केला.

"भाजेल," आक्का म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

गाडी निवली. मग धनाजीने क्लिप सैल केली, नळी ओढून काढली. रबर लाकडासारखं कडक झालं होतं. त्याने टोक वाकवलं तशी क्लिपच्या वळाखाली केसाएवढी चीर उघडली. सोडलं, मिटली. गार गाडीवर पंपाचा काटा का हलला नाही, ते आता त्याच्या बोटांना कळलं.

त्याने नवी नळी बसवली. नवी क्लिप. कूलंट भरलं, हवा काढली. काय हात होता! एक थेंब इकडेतिकडे सांडला नाही. मग घाट उतरून, चढून तोच आला. गाडी बंद केली, बॉनेट उघडलं आणि न सांगता शेजारी बसला.

पंखा थांबला.

…

काही नाही. नुसतं लोखंड टिकटिकत होतं.

"म्हणजे पोट फाडायचं नाही?" रेडेकर सरांनी विचारलं.

"नाही, सर. वहिनींना घेऊन जा बेळगावला," धनाजी म्हणाला. फडक्याला हात पुसता पुसता तो थांबला.

"आक्का…"

"हं."

"त्या क्लिपखाली खपली होती. पांढरट, कडेला गुलाबी, कूलंट वाळल्यासारखी. सर पहिल्यांदा आले तेव्हा बघितली होती मी."

"मग?"

"ब्रशने घासून काढली."

"दुसऱ्यांदा आले तेव्हा?"

"…पुन्हा होती. पुन्हा घासली."

धनाजीचा चेहरा आधी उतरला. मग तापला.

"पण हे कुणामुळं? आधी धू, मग हात लाव, हे कुणाचं शिकवणं? पहिल्या दिवशी पाण्याचा पाइप माझ्या हातात कुणी दिला? इतकी वर्षं मान खाली घालून तेच करतोय मी! ज्या खुणेनं सगळं सांगितलं असतं, ती मी तुमच्याच शब्दाखातर पुसत बसलो. आता सांगा, चूक कुणाची? सांगा की, आक्का!"

सरांनी चपला शोधायला सुरुवात केली.

आक्का खुर्चीतून उठली. गुडघ्याला एक शिवी दिली. नळाला लावलेला पाण्याचा पाइप सोडवला, शांतपणे गुंडाळला आणि उंच खुंटीला टांगला. मग बाकड्यावरच्या किल्ल्या उचलून धनाजीच्या शर्टाच्या खिशात टाकल्या.

"तू आलास तेव्हा तुला बघता येत नव्हतं, म्हणून धुवायला सांगितलं," ती म्हणाली. "आता येतं."