पाणकोंबडीचा लेखी प्रश्न

जनावरांचीही सभा भरायची, त्या काळची गोष्ट. तळ्याच्या गाळात पिल्लं रुतू लागली, तशी पाणकोंबडीने पळसाच्या पानावर चोचीने प्रश्न टोचून पाठवला : ‘तळ्यातला गाळ काढलेला नाही, हे खरे आहे काय?’

पाणवठ्याचं खातं रेड्याकडे. तो दुपारभर डुंबून सावकाश सभेत आला. पोपट कारकुनाने नेहमीचं उत्तर लिहून ठेवलंच होतं : ‘हे खरे नाही. तळ्यात गाळ नाही.’ रेड्याने न वाचताच त्यावर दणकन खूर उमटवला. सभेने माना डोलावल्या.

पाणकोंबडी आधी चडफडली, मग पान बघून खुदकन हसली. तिने ते सगळ्यांपुढे उंच धरलं.

“उत्तर मिळालं, रेडेसाहेब. पण शिक्का कशात बुडवून मारलात?”

पानावरून काळा गाळ टपटप गळत होता.